विंगेतला खोकला

“जोरात थापट. मी काही काचेची नाही,” उशीत तोंड खुपसूनच मी म्हणाले, तशी लेकीनं हाताची ओंजळ करून माझ्या पाठीवरच्या थापट्या वाढवल्या.

“आज एवढी घाई कसली? प्रयोग तर दुपारी आहे.”

“आज छाती साफ हवी. आज मला बोलायचं आहे.”

तिला हसू आलं. तू आजवर तेच तर केलंस, असं ती म्हणाली, आणि ते खरंही होतं. मी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. उभा जन्म विंगेत उभं राहून दुसऱ्यानं लिहिलेली वाक्यं तिसऱ्याच्या कानात सोडण्यात गेला. माझं स्वतःचं असं एक वाक्य त्या रंगमंचावर कधी गेलं नव्हतं. ते आज जाणार होतं. पण हे मी लेकीला सांगितलं नाही, नाहीतर तिनं दाराला बाहेरून कडी घातली असती.

सकाळचा आमचा क्रम ठरलेला. आधी तोंडात पंप मारायचा, म्हणजे आवळलेल्या श्वासनळ्या जरा सैल होतात. मग कफ पातळ करायची गोळी पेलाभर पाण्यात टाकायची. ती फसफसते आणि खोलीभर नासक्या अंड्यांचा वास सुटतो. लेक लहान होती तेव्हा नाक धरून पळायची. आता तीच पेला हातात देते आणि शेवटचा घोट जाईपर्यंत समोरून हलत नाही. त्यावर भरपूर कोमट पाणी. मग पलंगाच्या कडेला डोकं खाली करून कुशीवर पडायचं आणि पाठ थापटून घ्यायची. थोड्या वेळानं छातीच्या तळाशी चिकटून बसलेला कफ सुटतो, वर चढतो, आणि खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं की झाकणाच्या डब्यात पडतो. हे सगळं ऐकायला घाण वाटतं, ठाऊक आहे मला. पण त्यानंतर जो श्वास येतो त्याची चव फुकट श्वास घेणाऱ्यांना कळायची नाही.

दमा मला लहानपणापासूनचा. चाळिशीनंतर त्यात भर पडली. दर थोड्या दिवसांनी ताप, हिरवा कफ, छातीत पू, की पुन्हा औषधांचा मारा. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्यासमोर धरून दाखवला. उजव्या बाजूला खाली नळ्या सैल पडून त्यांच्या पिशव्या झाल्या होत्या आणि त्यांत कफ साठून कुजत होता. त्या बाईंना शिकवायची आवड होती. त्या म्हणाल्या, “हे औषध कफ पातळ करतं, बास. बाहेर काढायचं काम तुमचं. पातळ झालेला कफ आपल्या पायांनी चालत जात नाही. खोकला हा तुमचा हमाल आहे असं समजा. कुणी काही म्हणो, त्याला अडवायचं नाही. आणि खोकला दाबायचं औषध चुकूनसुद्धा तोंडाला लावायचं नाही. माल सोडवून ठेवायचा आणि हमालाला बांधून घालायचं, असं केलंत तर आतल्या आत बुडाल.”

हे मी मालकांना जसंच्या तसं सांगितलं होतं. मालक म्हणजे आमच्या कंपनीचे मालक आणि कंपनीतले पहिले नट, दोन्ही तेच. मी त्यांच्या रंगपटात गेले, ते आरशासमोर मिशी चिकटवत होते, आणि मी हमालासकट सगळं सांगितलं. दुसरा अंक संपला की मला मागच्या अंगणात जाऊन खोकून येऊ द्या, एवढीच माझी मागणी होती. मालकांनी आरशातूनच मान हलवली. “हो, हो. बाई, आधी तब्येत,” म्हणाले. ओठात एक आणि पोटात एक, ही त्यांची जुनी कला. रंगमंचावर तिला टाळ्या पडतात.

तेव्हा आमचं न्यायाधीशाचं नाटक जोरात चाललं होतं. एक म्हातारा न्यायाधीश, सगळं आयुष्य लोकांचे निवाडे केलेला, तिसऱ्या अंकात मुलांसमोर कबूल करतो की घरात मात्र त्यानं अन्यायच केला. त्यांच्या आईला त्यानं खोटं ठरवलं आणि ती त्या दुःखात गेली. त्या कबुलीच्या आधी मालक एक लांब शांतता घ्यायचे. सगळं प्रेक्षागृह श्वास धरून बसायचं. लोक त्या शांततेसाठी दुसऱ्यांदा तिकीट काढायचे असं मालक सांगत. एका प्रयोगाला नेमका त्याच शांततेत माझा खोकला बाहेर पडला. पदर तोंडात कोंबला होता तरी पडला. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थानं विंगेकडे मान वळवली आणि मागं कुणीतरी हसलं.

मालक आत आले आणि सरळ रंगपटात निघून गेले. मला वाटलं, सुटले.

पुढच्या प्रयोगाला मालकांच्या थर्मासमधला चहा माझ्यापुढे आला. ह्या थर्मासला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही हा कंपनीचा कायदा होता. मालकांच्या सख्ख्या भावानं एकदा लावला तर त्याला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली होती. आणि त्या दिवशी तो चहा रंगवाल्यानं, म्हणजे आमच्या रंगभूषाकारानं, स्वतः कपात ओतून विंगेत आणून दिला. मालकांनी खास पाठवलाय, म्हणाला. मी हुरळले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी म्हणतात, तशी. चहा गोडमिट्ट होता आणि शेवटच्या घोटाला कडवट लागायचा. मी घरी येऊन लेकीला सांगितलं की माणूस वरून फणसासारखा आहे गं, आत गरे आहेत.

खोकला थांबला. दुपारी चहा आणि संध्याकाळभर छातीत चिडीचूप. विंगेत उभ्या उभ्या डुलकी लागायची, पण खोकला नाही. मालकांनी चार लोकांत कौतुक केलं, “बघा, मनावर घेतलं की होतं.” मी सकाळी औषध घेऊन कफ पातळ करत होते आणि दुपारी तेच सगळं आत कोंडलं जात होतं. पाठ थापटली तरी काही वर येईना. लेक म्हणाली, बरं झालं, कफच कमी झाला असेल. मलाही तसंच वाटलं. छाती ओल्या पोत्यासारखी जड झाली तेव्हा मी म्हटलं, वय झालं.

मग एका प्रयोगात मालक वाक्यासाठी माझ्याकडे सरकले आणि माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. शब्दाला वारा लागतो आणि माझ्याजवळ वारा नव्हता. ओठ निळे पडले होते असं नंतर लोकांनी सांगितलं. मला रुग्णालयात नेलं. औषधं शिरेतून झाली, नळ्या घालून झाल्या, पण उजव्या बाजूचं कुजणं थांबेना. शेवटी फुप्फुसाचा खालचा भाग कापून काढला. लेक त्या आठवड्यात जशी दिसत होती तशी ती मला पुन्हा कधी दिसू नये.

रंगवाला भेटायला आला तो खाटेजवळ उभा राहून रडायलाच लागला. मी म्हटलं, अहो, मी जिवंत आहे. तर तो म्हणाला, “ताई, त्या चहात खोकला दाबायचं औषध असायचं. मीच ओतायचो. मालक म्हणाले होते, बाईंच्या घशाला आराम पडेल. मी बाटलीवरचं वाचलं ते उशिरा. मालकांना विचारलं तर म्हणाले, ठाऊक आहे मला, हे प्रयोग होईपर्यंत तरी गप्प राहील.” डोळे पुसून झाल्यावर त्यानं हेही सांगितलं की बाहेर कुणी विचारलं तर तो हे बोलणार नाही. त्याचं पोट मालकांवर होतं. मी त्याला दोष दिला नाही. दोष ठेवायला माझ्याजवळ एकच जागा होती आणि ती भरली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता त्या चहाचा पुरावा कुठून आणायचा? खरं होतं. चहा मीच प्यायले होते, कौतुकानं.

टाके सुकल्यावर मी मालकांच्या घरी गेले. दोन जिने चढताना तीनदा बसले. मला काही नको होतं. मी म्हटलं, मालक, एकदा कबूल करा. इथंच, माझ्यासमोर, दार लावून करा. ते हसले. “बाई, चहात साखर असते. तुम्ही काय नाटकातलं बोलताय?” असं म्हणून त्यांनी नोकराकडून मला खाली सोडायची व्यवस्था केली आणि संध्याकाळी फळांची टोपली पाठवली. ती मी जिन्याखाली ठेवली आणि सडू दिली. चिलटं झाली तेव्हा लेकीनं फेकली. पुढं कुणीतरी माझ्या कानावर घातलं की मी रुग्णालयात असताना कंपनीत जेवणाच्या वेळी माझा विषय निघाला, तेव्हा मालक म्हणाले होते, “सुंठीवाचून खोकला गेला.” सगळे हसले होते म्हणे. हसण्यासारखं होतंच ते. मालकांना वेळ साधता यायची.

तेव्हापासून मी त्यांना पाण्यात पाहू लागले; रोज सकाळी, त्या फसफसणाऱ्या पेल्यातल्या पाण्यातसुद्धा. लेक म्हणायची, आई, सोड ना, राग आपल्यालाच खातो. मी म्हणायचे, माझा एक तुकडा आधीच कुणीतरी खाल्लाय, आता राग किती खाणार? कंपनी सुटली होती. वर्षं गेली. दमा राहिला, औषध राहिलं, आणि हा राग राहिला. तिघांचाही मी नेम चुकवला नाही.

मग मालकांचं पाठांतर गेलं.

एकदम नाही, हळूहळू, जुन्या भिंतीचा गिलावा सुटतो तसं. माझ्या जागी दोन नवे प्रॉम्प्टर येऊन गेले आणि दोघंही टिकले नाहीत. प्रॉम्प्टिंग म्हणजे वाचन नव्हे. शब्द नटाच्या श्वासात द्यावा लागतो. तो आत घेतो त्या क्षणी. सोडायला लागला की उशीर झाला. आणि कुजबुजायचं नाही, कुजबुजीतला ‘स’ पाचव्या रांगेपर्यंत जातो. खालच्या आवाजात, पोटातून बोलायचं. मालक कुठं श्वास घेतात हे मला त्यांच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक होतं. दम्याच्या माणसाला दुसऱ्याचा श्वास आपोआप ऐकू येतो.

शेवटी रंगवाला निरोप घेऊन आला. मालकांना निवृत्त व्हायचंय, त्याआधी न्यायाधीशाचं नाटक एकदा शेवटचं करायचंय, आणि तुमच्याशिवाय ते उभे राहू शकत नाहीत. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी लगेच हो म्हटलं. रंगवाला माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. लेकीनं त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं.

मनात काय होतं ते स्वच्छ सांगते. मी ठरवलं होतं की त्या शेवटच्या प्रयोगात, त्या लांब शांततेनंतर, मी तोंड उघडणार नाही. राहा उभे. बघू दे लोकांना.

पण तालमीत एक गंमत झाली. एका दृश्यात न्यायाधीश मुलीला म्हणतो, “दार लाव.” माझा चष्मा घसरला होता, ओळ चुकली, आणि मी शब्द दिला, “दिवा लाव.” मालकांनी हात उंचावून, आवाजात सगळा अधिकार आणून मुलीला सांगितलं, “दिवा लाव.” मुलीचं काम करणारी पोरगी गोंधळली, कारण दृश्य भर दुपारचं होतं. सगळे हसले. मालक हसले नाहीत. आपण काय म्हणालो हे त्यांना कळलंच नव्हतं. माझा शब्द त्यांच्या कानातून थेट तोंडात जात होता. मध्ये कुठं थांबतच नव्हता.

त्या दिवशी मी घरी चालत गेले आणि एरवी जिथं दम लागतो तिथं लागला नाही. शांततेनं काय झालं असतं? लोक म्हणाले असते, बिचारा म्हातारा, विसरला. उभं राहून टाळ्या दिल्या असत्या. मला त्यांच्यासाठी कुणाची हळहळ नको होती. मला त्यांची कबुली हवी होती, आणि आता ती मी लिहू शकत होते.

म्हणून त्या सकाळी मला छाती साफ हवी होती.

नाट्यगृह खच्चून भरलं होतं. मागं भिंतीशी लोक उभे होते. मी विंगेत माझ्या जागी गेले तर तिथं गादीची खुर्ची ठेवलेली. मालकांनीच सांगितलंय, बाईंना उभं राहवत नाही, असं रंगवाला म्हणाला. मी खुर्चीकडे बघत राहिले. खोटं सांगत नाही, त्या गादीवर हात ठेवला तेव्हा माझं मन हललं. एवढा मोठा माणूस, म्हातारा झालेला, आज शेवटचा उभा राहणार. लेकीचं ऐकावं असं क्षणभर वाटून गेलं. मी त्यांच्या रंगपटात गेले. शुभेच्छा द्यायला म्हणा हवं तर.

ते पांढऱ्या केसांत अजून थोडा पांढरा रंग लावत होते. मला पाहून म्हणाले, “बाई, आज माझी सगळी लाज तुमच्या हातात.”

मी म्हटलं, मी आहे.

“आणि,” आरशातूनच ते म्हणाले, “तेवढं खोकल्याचं बघा. तिसऱ्या अंकात. काय ते घेऊन ठेवा आधीच.”

एवढंच. त्यांना आठवत नव्हतं असं नाही. मी निरखून पाहिलं. त्यांना सगळं आठवत होतं, फक्त त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. मी बरं म्हटलं आणि विंगेत येऊन पंप मारला. खुर्चीवरची गादी उचलून बाजूला ठेवली.

पहिला अंक उत्तम गेला. दुसराही. मी त्यांना अशी वाक्यं दिली की कुणाला शंका येऊ नये. श्वासात शब्द, शब्दात पुढचा शब्द. ते तरुणपणीसारखं बोलत होते आणि त्यातला निम्मा जोर माझा होता. मध्यंतरात पत्रकार आत येऊन म्हणाले, काय स्मरणशक्ती आहे या वयात. मालकांनी नम्रपणे हात जोडले.

तिसरा अंक. दोन मुलं समोर बसलेली, मधोमध न्यायाधीश, हात खुर्चीच्या पाठीवर. ती लांब शांतता सुरू झाली. प्रेक्षागृह थांबलं. मालकांनी ती पुरी पिकू दिली, मग माझ्या बाजूला किंचित मान कलती केली आणि श्वास घेतला.

पुस्तकात वाक्य होतं, ‘तुमच्या आईला मी खोटं ठरवलं.’ मी पुस्तक मिटलं.

“विंगेत एक बाई उभी असते,” मी म्हणाले.

“विंगेत एक बाई उभी असते,” मालक म्हणाले. त्या आवाजात. ज्या आवाजासाठी लोक दूरदुरून यायचे, त्या आवाजात.

“तिला दमा आहे.”

“तिला दमा आहे.”

“तिच्या चहात मी औषध घातलं.”

“तिच्या चहात मी औषध घातलं.”

मुलीचं काम करणाऱ्या पोरीनं मान वर केली. पलीकडच्या विंगेत रंगवाला टॉवेल घेऊन उभा होता, तो हळूच पेटाऱ्यावर बसला. प्रेक्षकांत मात्र कुणी हललं नाही. त्यांना हे नाटकच वाटत होतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्याला रुमाल लावला. मला आनंद होत होता. इतका आनंद मला लेक झाली तेव्हाच झाला होता.

“खोकला दाबायचं.”

“खोकला दाबायचं,” मालक म्हणाले, आणि तिथं ते अडखळले. शब्द प्रथमच कानातून तोंडात जाताना मध्ये कुठंतरी थांबला. खुर्चीवरचा त्यांचा हात आवळला गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान कलती करून नाही, सरळ समोरासमोर. दिव्याच्या झोतातून विंगेतल्या अंधारात काही दिसत नाही, पण मी कुठं उभी असते हे त्यांना ठाऊक होतं.

मी पुढचं वाक्य दिलं. “ती मरेल हे ठाऊक असून.”

ते गप्प.

प्रॉम्प्टर वाक्य दोनदा देतो. मी दुसऱ्यांदा दिलं, तितक्याच खालच्या आवाजात, तितक्याच स्पष्ट. मला माझा आवाज कापल्यासारखा वाटला नाही.

मालक दोन पावलं चालत विंगेच्या कडेपर्यंत आले. इतके जवळ की रंगाखालचा घाम दिसत होता. लोकांकडे त्यांची पाठ झाली. आणि ते बोलले ते मी दिलेलं वाक्य नव्हतं आणि तो आवाजही रंगमंचाचा नव्हता. तो माझ्याएवढाच खालचा होता, पहिल्या रांगेलासुद्धा न पोचणारा.

“मला ठाऊक होतं, बाई.”

एवढं बोलून ते वळले आणि जागेवर जाऊन उभे राहिले. आता त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. मागचं वाक्य कुठलं, पुढचं कुठलं, आपण कोण, समोरची दोन मुलं कोणाची. तोंड अर्धवट उघडं होतं आणि श्वास वरच्या वर, आखूड आखूड चालला होता. तो श्वास मला ओळखीचा होता. असा मी रुग्णालयाच्या खाटेवर घेतला होता. मला तेव्हा दया आली असं सांगितलं तर शोभून दिसेल, पण नाही आली. मला बरं वाटलं. आणि मग ते बरं वाटणंही संपलं, कारण तेवढंच हवं होतं मला इतकी वर्षं, ते मिळालं, आणि कापून काढलेलं काही परत आलं नाही.

तेवढ्यात माझ्या छातीत सुटलं. सकाळपासून पाणी भरपूर झालं होतं, औषधानं त्याचं काम केलं होतं. तळातून कफ वर चढू लागला. एरवी मी पदर कोंबला असता, पोट आवळलं असतं, मांडीला चिमटा काढला असता. मी हात खाली ठेवले आणि खोकले.

भरलेल्या नाट्यगृहात तो खोकला मागच्या भिंतीपर्यंत गेला. एकदा, दोनदा, मग सगळी उबळ. पहिल्या रांगेतल्या माना वळल्या. कुणी हसलं नाही. मुलांची कामं करणारी दोघं जागच्या जागी बसून राहिली. आणि मालक, जे कपाच्या आवाजानंसुद्धा चिडायचे, ते हलले नाहीत. कपाळाला आठी नाही, बोट वर नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, पाठ ताठ करून, माझं पुरं होईपर्यंत ते वाट बघत उभे राहिले. त्यांच्याबरोबर सगळं प्रेक्षागृह वाट बघत होतं.

मी सावकाश खोकले. तोंड पुसलं. उरलेल्या फुप्फुसात मावेल तेवढा श्वास आत घेतला. मग पुस्तक उघडून पान शोधलं आणि त्यांना त्यांचं वाक्य दिलं.